ताकदीचा व्यायाम : अर्ध्या पानात मावेल एवढाच

ताकदीच्या व्यायामाचा आराखडा वहीच्या अर्ध्या पानात मावला पाहिजे. मावत नसेल, तर निदान पहिल्या दोन-तीन वर्षांसाठी तरी तो गरजेपेक्षा मोठा आहे. छातीचे चार प्रकार, दंडाचे पाच, खांद्याचे तीन, दर पंधरवड्याला नवा क्रम. असा व्यायाम करणारा माणूस मेहनतीत कुठेच मागे नसतो. घाम निघतो, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, आणि सहा महिन्यांनी बारवर (वजनं लावायच्या लोखंडी दांड्यावर) वजन तेवढंच असतं. इतक्या गोष्टी एकदम बदलत राहिल्या की कशानं फरक पडला आणि कशानं नाही, हे ओळखायला जागाच उरत नाही. आराखडा सोपा ठेवला म्हणून कष्ट कमी होत नाहीत, पण त्यात चूक लपून राहत नाही. मला तो त्यासाठीच पटतो.

शरीर बदलतं ते आजवर पेललेल्या ओझ्याहून थोडं जास्त ओझं पुन्हा पुन्हा पेलावं लागलं म्हणून. हे तत्त्व आधुनिक उपचारांत रुजलं ते १९४०च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करताना अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी अशक्त झालेल्या पायांना जड आणि टप्प्याटप्प्यानं वाढत जाणारी वजनं उचलायला लावली. सुरुवातीला ते दहा-दहा रेप्सचे सात ते दहा सेट करून घेत (रेप म्हणजे एक उचल, सेट म्हणजे न थांबता सलग केलेल्या रेप्स). १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी मांडलेल्या सुधारित पद्धतीत सेट उरले फक्त तीन: दहा वेळा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या निम्म्यानं पहिला, पाऊण वजनानं दुसरा आणि पूर्ण वजनानं तिसरा. ज्यांनी ही पद्धत घालून दिली त्यांनीच ती काही वर्षांत कापून लहान केली. आपण मात्र तिला पुन्हा फुगवत बसतो.

अर्धं पान

मोठ्या हालचाली मोजक्या आहेत. खाली बसून उठणं, कमरेतून वाकून जमिनीवरचं उचलणं, छातीपासून ढकलणं, डोक्यावर ढकलणं आणि स्वतःकडे ओढणं. दंड, पोटऱ्या, पोट यांचं बहुतेक काम त्यातच होऊन जातं. या हालचाली दोन दिवसांत वाटल्या की आराखडा तयार.

दिवस अ: स्क्वॉट (खाली बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर झोपून छातीपासून ढकलणं), रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं).
दिवस ब: डेडलिफ्ट (जमिनीवरचं उचलणं), ओव्हरहेड प्रेस (डोक्यावर ढकलणं), पुल-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) किंवा लॅट पुलडाउन (मशीनचा दांडा वरून खाली ओढणं).

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. एका आठवड्यात अ-ब-अ, पुढच्या आठवड्यात ब-अ-ब. दोनच दिवस जमत असतील तर एकदा अ, एकदा ब. प्रगती थोडी सावकाश होईल, पण होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रौढांनी सगळ्या मुख्य स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा असंच म्हटलं आहे.

स्क्वॉट आणि दोन्ही प्रेसचे प्रत्येकी तीन सेट, ५ ते ८ रेप्सचे. रोइंग आणि पुलडाउनचे तीन सेट, ८ ते १२ रेप्सचे, कारण ओढण्याच्या हालचालींत वजन फार जड झालं की कंबर हलवून झटका देण्याचा मोह होतो. डेडलिफ्टचे दोनच सेट, ५ रेप्सचे. डेडलिफ्टमध्ये प्रत्येक वेळी बार थांबलेल्या अवस्थेतून उचलावा लागतो, पाठ आणि मांड्यांचा मागचा भाग दोन्ही एकाच वेळी राबतात, आणि तो थकवा पुढच्या दिवशीच्या स्क्वॉटपर्यंत पुरतो.

५ ते ८ अशी मर्यादा ठेवण्यामागे एक कारण आहे. समजा बेंच प्रेसला ४० किलो लावले आणि तीन सेटमध्ये ६, ५, ५ अशा रेप्स झाल्या. वजन तेच ठेवायचं. पुढच्या वेळी ७, ६, ५ होतील, मग ७, ७, ६. तिन्ही सेटमध्ये ८ पूर्ण झाल्या की ४२.५ किलो, आणि रेप्स पुन्हा ५-६ वर येतील. म्हणजे वजन वाढलं नाही त्या दिवशीही वहीत एखादा आकडा पुढे सरकलेला दिसतो. दर वेळी वजनच वाढवायचं असं ठरवलं तर काही आठवड्यांत भिंत लागते. साधा हिशोब करून पाहा: आठवड्याला २.५ किलो म्हणजे वर्षाला १३० किलो. एवढी वाढ कुणाचीच टिकत नाही. डेडलिफ्टची मर्यादा मात्र ५ वरच ठेवावी, आणि दोन्ही सेट नीट पूर्ण झाले की सुरुवातीला ५, मग २.५ किलो वाढवावेत.

वाढ किलोत मोजली तर फसायला होतं, ती टक्क्यांत पाहावी. बारच्या दोन्ही बाजूंना १.२५ किलोच्या प्लेट्स (लोखंडी चकत्या) लावल्या की २.५ किलो वाढतात. १०० किलोच्या स्क्वॉटवर ही वाढ अडीच टक्के आहे. २५ किलोच्या ओव्हरहेड प्रेसवर तीच दहा टक्के. म्हणून ओव्हरहेड प्रेस सगळ्यात आधी अडकतो, आणि लोक समजतात की आपले खांदे कमजोर आहेत. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट्स मिळवून वाढ एक किलोवर आणली की तोच प्रेस आणखी बरेच आठवडे चढत राहतो. नवं उपकरण घ्यायचंच असेल तर आधी या प्लेट्स घ्याव्यात, पट्टे-मोजे नंतर.

पहिल्या दिवशी किती वजन

मोठा बार २० किलोचा असतो, लांबीला २.२ मीटर. त्याहून आखूड आणि बारीक बार १५ किलोचा असतो. जिममध्ये याशिवायही तऱ्हेतऱ्हेचे बार असतात, त्यामुळे एकदा वजनकाट्यावर ठेवून खात्री करावी. बारचं वजन न धरता फक्त प्लेट्सची बेरीज लिहिलेल्या वह्या पुढे काही कामाच्या राहत नाहीत.

सुरुवात रिकाम्या बारनं. ५ रेप्स, थोडं वजन, पुन्हा ५, असं चढत जायचं. बार वर येताना आपोआप किंचित हळू झाला, की थांबायचं. तेच पहिल्या दिवसाचं वजन. आणखी तीन-चार रेप्स सहज निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. ओव्हरहेड प्रेसला २० किलोही पुष्कळांना जड जातो. तिथे १५ किलोचा बार किंवा दोन डंबेल घ्यावेत. सुरुवातीचं वजन हलकं ठेवल्यानं दोन आठवडे वाया गेल्यासारखे वाटतात, पण हालचाल त्या दोन आठवड्यांत बसते. आणि पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते: आहे तेच स्नायू एकत्र आणि वेळेवर कामाला लावणं शरीर शिकत असतं. म्हणून आकडे भराभर चढतात आणि आरशात मात्र काही दिसत नाही. याच काळात "उपयोग होत नाही" म्हणून आराखडा बदलणारे खूप असतात.

पुढे सेट किती ताणायचा? शेवटी एक ते दोन रेप्स शिल्लक राहाव्यात. शिल्लक किती हे सुरुवातीला कळत नाही. बारचा वेग पाहून कळायला लागतं. पूर्ण जोर लावूनही बार हळू सरकायला लागला की एक-दोनच उरल्या आहेत असं समजावं. प्रत्येक सेट पार गळून जाईपर्यंत करण्याची गरज नाही. तसं केल्यानं पुढच्या सेटच्या रेप्स घटतात, शेवटची उचल वेडीवाकडी होते, आणि तीच वेडीवाकडी उचल अंगवळणी पडते.

वॉर्म-अपचा हिशोब

दहा मिनिटं पळणं, मग पंधरा मिनिटं ताणणं, मग फोमचा रोलर, असं काही लागत नाही. पाचेक मिनिटं अंग गरम होईल असं काहीही, आणि मग जी हालचाल करायची तीच हलक्या वजनानं. स्क्वॉटचं वजन ६० किलो असेल तर: रिकाम्या बारनं ८ रेप्स, दोन्ही बाजूंना १० किलोची प्लेट लावून ४० किलोनं ५, वर ५-५ ची भर घालून ५० किलोनं २, आणखी ५-५ घालून ६०. यात एकही प्लेट काढावी लागत नाही, फक्त भर घालत जायची. वॉर्म-अपच्या शेवटच्या सेटला दोनच रेप्स, कारण त्या सेटचं काम पुढच्या वजनाची जाणीव करून देणं एवढंच आहे. दिवसाच्या पहिल्या हालचालीला एवढा वॉर्म-अप लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या हालचालीला एक-दोन हलके सेट पुरतात.

मधली विश्रांती घड्याळ लावून घ्यावी. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला तीन मिनिटं, बाकीच्यांना दोन. जड उचलीसाठी स्नायू जी झटपट मिळणारी ऊर्जा वापरतात, तिचा साठा बराचसा भरून यायला तेवढा वेळ लागतो. मिनिटभरात पुढचा सेट सुरू केला तर दम लागतो, व्यायाम "जोरदार" झाल्यासारखा वाटतो, पण रेप्स कमी होतात आणि ताकदीला मिळणारं काम घटतं. विश्रांती धरून सगळं पन्नासेक मिनिटांत उरकतं. दीड तास लागत असेल तर मोबाइल तपासावा.

स्क्वॉट

स्क्वॉटमध्ये बार खांद्यांमागे पाठीवर घ्यायचा असतो. तो रॅकवर, म्हणजे बार ठेवायच्या खांबांवर, छातीच्या मध्याच्या उंचीला ठेवावा. उंच ठेवला तर काढताना चवड्यांवर उभं राहावं लागतं. काढताना ते जमतं, पण सेट संपवून थकलेल्या पायांनी परत ठेवताना बार खाचेत न बसता पुढे निसटू शकतो. काढल्यावर मागे दोन-तीन पावलं, जास्त नाही. ठेवताना पुढे चालत जाऊन आधी दोन्ही खांबांना टेकवायचा, मग खाली सोडायचा. आडवे सुरक्षा दांडे आपल्या सर्वांत खालच्या बैठकीच्या किंचित खाली लावायचे आणि रिकाम्या बारनं एकदा तिथपर्यंत बसून खात्री करायची. एकट्यानं व्यायाम करणाऱ्यानं हे दांडे लावल्याशिवाय जड स्क्वॉट करूच नये.

पाय खांद्यांएवढे रुंद, पावलं १५ ते ३० अंश बाहेर वळलेली. बार सतत पायाच्या मध्याच्या रेषेत, साधारण बुटाच्या नाडीच्या गाठीवर. जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली जाईपर्यंत बसायचं. गुडघे बोटांच्या पुढे गेले तर बिघडत नाही. लांब मांड्यांच्या माणसाचे ते जाणारच. ते पावलांच्या दिशेनं जायला हवेत, आत कोसळता कामा नयेत. आत येत असतील तर वजन दहा टक्के कमी करून गुडघे बाहेर रेटत उठायचं. टाचा उचलल्या जात असतील तर बहुतेक वेळा घोट्याचा ताठरपणा नडतो: टाचेखाली पातळ प्लेट किंवा उंच टाचेचे कडक बूट हा सरळ उपाय आहे. मऊ, स्पंजासारख्या तळव्याचे पळायचे बूट मात्र टाळावेत, पाय त्यात डगमगतो. त्यापेक्षा सपाट बूट बरे.

उठताना कंबर आधी वर जाते आणि छाती खाली राहते, हा दोष फार आढळतो. वजन जास्त आहे किंवा खाली जाताना पाठीवरचा ताण सुटला आहे, या दोनांपैकी एक कारण असतं. बार पाठीत खाली ओढून धरला की वरची पाठ आपोआप घट्ट होते.

श्वासाचं इथेच सांगून टाकतो, बाकी हालचालींनाही ते लागू आहे. उभं असताना पोटात खोल श्वास, पोट चारही बाजूंनी घट्ट, खाली जाऊन वर येईपर्यंत श्वास धरायचा, वर आल्यावर सोडायचा. धरलेल्या श्वासामुळे धड आतून आधारलं जातं. मात्र यात रक्तदाब काही क्षण बराच वाढतो. रक्तदाब, हृदय, हर्निया किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी, तसंच गरोदर स्त्रियांनी, आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांच्यासाठी हलकं वजन आणि वर येताना श्वास सोडणं हा रस्ता असू शकतो.

डेडलिफ्ट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि निम्मा गोंधळ प्लेट्सच्या आकाराचा असतो. मोठ्या प्लेट्सचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. नवखा माणूस बारला ५-५ किलोच्या छोट्या प्लेट्स लावतो. बार कितीतरी खाली जातो, आणि तिथपर्यंत पोचायला त्याला पाठ वाकवावीच लागते. मग म्हणतात, डेडलिफ्टनं कंबर दुखते. वजन हलकं असेल तर बार ठोकळ्यांवर किंवा एकावर एक रचलेल्या प्लेट्सवर ठेवून तो साडेबावीस सेंटिमीटरवर आणावा. अगदी कडक अंगाच्या माणसानं सुरुवातीला याहूनही पाच-सात सेंटिमीटर वरून उचलायला हरकत नाही.

उभं राहायचं ते बार पायाच्या मध्यावर येईल असं, नडगीपासून अडीच-तीन सेंटिमीटरवर. गुडघे न वाकवता बार धरायचा. मग नडग्या बारला टेकेपर्यंत गुडघे पुढे. या वेळी बार हलवायचा नाही. छाती वर काढायची, पाठ सपाट. आता हात खेचून बारमधला ढिलेपणा काढायचा, प्लेटमध्ये बार टेकल्याचा बारीक टक्क आवाज येतो. त्यानंतर पायांनी जमीन खाली ढकलायची. बार पायांना घासतच वर आला पाहिजे. तो पुढे सरकला की तेवढंच वजन कमरेला दुप्पट वाटतं. वर पोचल्यावर सरळ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही. खाली ठेवताना आधी ढुंगण मागे, बार गुडघ्याखाली गेल्यावर मग गुडघे वाकवायचे. उलट केलं तर बार गुडघ्यांवर आपटतो. जमिनीवर आपटून उसळीवर पुढची उचल घेऊ नये, प्रत्येक उचल थांबून घ्यावी.

एका झटक्यात बार ओढणाऱ्यांची कोपरं वाकलेली असतात. हात दोरीसारखे सरळ हवेत. पकड सुटत असेल तर आधी खडू लावून पाहावा, मग वॉर्म-अपच्या सेटना साधी पकड आणि फक्त जड सेटला एक तळवा पुढे, एक मागे. मनगटाचे पट्टे त्यानंतरचा उपाय.

ढकलणं आणि ओढणं

बेंच प्रेसला डोळे बारच्या बरोबर खाली, खांद्याची पाती एकमेकांकडे आणि कमरेकडे ओढलेली, पाय जमिनीवर घट्ट. कोपरं धडाशी काटकोनात पसरू नयेत, त्यानं खांद्याचा सांधा दुखायला लागतो; ४५ ते ७० अंश पुरे. बार छातीच्या खालच्या भागाला टेकतो आणि वर जाताना किंचित मागे, खांद्यांच्या वर येतो. मनगट मागे मोडू देऊ नये: बार तळहाताच्या मनगटाजवळच्या भागावर ठेवला की ते सरळ राहतं. अंगठा बारभोवती हवाच. अंगठा मागे ठेवून बार धरणं म्हणजे गळ्यावर, छातीवर निसटण्याला आमंत्रण. जवळ कुणी नसेल आणि सुरक्षा दांडेही नसतील तर प्लेट्सना क्लिप लावू नये, म्हणजे अडकल्यास बार कलता करून प्लेट्स एका बाजूनं सोडता येतात. त्याहून शहाणपणाचं म्हणजे त्या दिवशी डंबेल घ्यावेत.

ओव्हरहेड प्रेसमध्ये बार सरळ वर जायला हवा आणि वाटेत आपली हनुवटी येते. बारनं वळसा घेण्याऐवजी डोकं मागे घ्यायचं, बार कपाळाच्या वर गेला की डोकं पुढे आणायचं. नितंब आवळून धरले की कंबर मागे वाकत नाही.

पुल-अप एकही निघत नसेल तर स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. अशा ३ ते ५ उतरणी, तीन सेट. सोबत पुलडाउन. शरीराचं वजन जास्त असेल तर वर्षभर फक्त पुलडाउनही चालेल. रोइंगला बारनं कंबर थकत असेल, विशेषतः आदल्या खेपेची डेडलिफ्ट अजून अंगात असेल तर, एक हात बेंचवर टेकून डंबेलनं करावं.

मशीनला नावं ठेवणं मला पटत नाही. लेग प्रेस, चेस्ट प्रेस, बसून ओढायचं रोइंग आणि पुलडाउन एवढ्या चार मशीनवर, याच रेप्स आणि याच वहीनं, ताकद वाढतेच. तोल सांभाळायला शिकणं तेवढं मागे राहतं. वयस्कर किंवा बारला घाबरणाऱ्या माणसाला ही सुरुवात चांगली.

घरी, बारशिवाय

घरी अडचण मेहनतीची नसते, वजन वाढवण्याची असते. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग हातांवर येतो, गुडघे टेकून केल्यास निम्म्याच्या आसपास. म्हणजे वजन वाढवायचं ते कोन बदलून: भिंतीला हात, मग टेबलाला, मग जमिनीवर, मग पाय खुर्चीवर, मग पाठीवर भरलेली सॅक. पायांसाठी दोन्ही पायांचा स्क्वॉट लवकर हलका होतो. मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायावरचा स्क्वॉट महिनोन्‌महिने पुरतो. ओढण्यासाठी मात्र दारातला दांडा किंवा मजबूत टेबलाची कड लागतेच, त्याला पर्याय शोधत बसू नये. एका सेटमध्ये ३० च्या वर रेप्स जायला लागल्या की ताकदीपेक्षा दमच वाढतो. त्याआधी कोन कठीण करावा. डंबेल असतील तर लक्षात ठेवावं की दोन्ही हातांतलं वजन अडीच-अडीच किलोंनी वाढलं तर एकूण वाढ पाच किलोंची होते. म्हणून तिथे रेप्सची मर्यादा रुंद ठेवावी, ८ ते १५.

अडकल्यावर

एकाच वजनावर सलग तीन खेपा एकही आकडा पुढे सरकला नाही, तर अडकलं असं समजावं. एका वाईट दिवसावरून ठरवू नये. मग वही उघडून क्रमानं पाहायचं: झोप सात तासांच्या खाली गेली होती का, जेवण कमी झालं का, विश्रांतीची मिनिटं पाळली का, बैठकीची खोली किंवा पाठीची ठेवण बिघडली का. बहुतेक उत्तरं इथेच सापडतात. प्रथिनांचा हिशोब सरळ आहे, दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. निरोगी माणसासाठीचा हा आकडा आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो स्वतःला लावू नये.

हे सगळं ठीक असेल तर त्या एकाच हालचालीचं वजन दहा टक्क्यांनी उतरवायचं आणि पुन्हा चढायचं. ६० वर अडकलं तर ५५ किंवा साडेबावन्न. दुसऱ्यांदा त्याच जागी अडकलं, तर छोट्या प्लेट्स. तरीही अडकलं, तर त्या हालचालीचा एक सेट वाढवायचा आणि महिनाभर बाकी काही हलवायचं नाही. एका वेळी एकच बदल. सगळ्याच हालचाली एकदम घसरल्या असतील आणि सांधेही कुरकुरत असतील, तर दोष आराखड्यात नसून थकव्यात आहे: एक आठवडा वजनं तीच ठेवून सेट निम्मे करावेत.

अंगदुखीवरून काहीच ठरवू नये. नव्या किंवा खंड पडलेल्या व्यायामानंतर २४ ते ७२ तास स्नायू दुखतात, सवय झाली की दुखत नाहीत, आणि ताकद तेव्हाच छान वाढत असते. ठणका पुन्हा यावा म्हणून व्यायाम बदलणारा माणूस दर वेळी नव्यानं सुरुवात करत राहतो. स्नायूतलं बोथट दुखणं चालतं. सांध्यातली टोचरी कळ, पायात किंवा हातात उतरणाऱ्या मुंग्या, छातीत दडपण यांपैकी काहीही झालं तर सेट तिथेच सोडावा आणि डॉक्टरांकडे जावं.

दंडाचे किंवा पोटाचे एखाद-दोन प्रकार करायची हौस असेल तर शेवटी दहा मिनिटं करावेत. त्यांचेही आकडे लिहावेत. लिहावंसं वाटत नसेल तर तो प्रकार गाळावा.

वही आणि खंड

वहीत एका ओळीत तारीख, हालचाल, वजन, तीन सेटच्या रेप्स: "स्क्वॉट ६०: ८, ७, ६". शेवटी एखादा शब्द पुरे, "झोप कमी" किंवा "उजवा गुडघा". पुढच्या खेपेला काय करायचं हे जिममध्ये जाण्याआधीच ओळीखाली लिहून ठेवावं, म्हणजे तिथे गेल्यावर मनाशी वाटाघाटी होत नाहीत.

खंड सगळ्यांच्याच व्यायामात पडतो. एक आठवडा गेला तर जिथे होतो तिथूनच सुरू करावं. कधी कधी विश्रांतीमुळे रेप्स वाढलेल्याही दिसतात. दोन-तीन आठवडे गेले तर दहा टक्के कमी. दोन-तीन महिने गेले तर निम्म्यावरून, आणि पहिल्या दोन खेपांना प्रत्येक हालचालीचा एकच सेट, कारण दम आणि आठवण जुनी असते पण स्नायूंची सवय मोडलेली असते आणि तीन सेट केले की चार दिवस जिना उतरता येत नाही. एकदा कमावलेली ताकद पहिल्या वेळेपेक्षा लवकर परत येते, त्यामुळे इथे दर खेपेला ५ किलोंची उडी घेतली तरी चालते, जुन्या वजनाच्या जवळ पोचेपर्यंत. खंड किती आठवड्यांचा होता, कितीवर सुरू केलं आणि जुन्या आकड्यावर यायला किती दिवस लागले, हे त्या पानावर कोपऱ्यात लिहून ठेवावं. पुढच्या खंडानंतर ते पान आधी उघडायचं.